आऱ्यांमधली सांद

खंडेनवमीला सकाळी वडील आमची प्रीमियर पद्मिनी दारात धुवायला काढायचे, तेव्हा चारही चाकांना मिळून पाच मिनिटं पुरायची. पत्र्याचं चाक, मधोमध चकचकीत टोपी, कडेनं हवा खेळायला पाडलेली भोकं. ओल्या फडक्याचा एक वळसा दिला की काम झालं. मग झेंडूची माळ आणि चाकाखाली लिंबू. माझ्या आताच्या गाडीचं एकच चाक पाऊण बादली पाणी आणि पंधरा मिनिटं खातं. आरे जोडीजोडीनं बसवलेले, दोन आऱ्यांमध्ये करंगळीही जाणार नाही एवढी फट, आणि फटीच्या तळाशी काळी भुकटी. फडका तिथं पोचत नाही. बोट घातलं तर नख तुटतं.

हे काम कधी जन्माला आलं, याचा मी बरीच वर्षं मागोवा घेतो आहे. चाक धुणं म्हणजे किरकोळ, पोऱ्यावर सोपवायचं काम असं आपण धरून चालतो, म्हणून त्याची कुळकथा कुणी सांगत बसत नाही. मला ती सांगावीशी वाटते.

बैलगाडीच्या चाकालाही सांदी होत्या. लाकडी तुंब्यात ठोकलेले आरे, त्यांवर पाटे, पाट्यांवर लोखंडी धाव. पण त्या सांदी कुणी घासल्याचं मी पाहिलेलं नाही. चिखल वाळला की आपोआप गळून पडायचा. चाकाची निगा म्हणजे आसाला वंगण. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव ढिली झाली, की चाक पाण्यात भिजत ठेवायचे, तेही लाकूड फुगावं म्हणून, स्वच्छतेसाठी नव्हे.

चाकाचे कोपरे घासून काढायचा रिवाज मला सापडतो तो इंग्लंडातल्या श्रीमंतांच्या घोडागाड्यांपाशी. कारण चिखल नव्हे, व्हार्निश. या गाड्यांवर रंगाचे आणि व्हार्निशचे थरावर थर चढवलेले असत, आणि रस्त्यावरचा चिखल म्हणजे निम्मी घोड्यांची लीद. तो वाळला की व्हार्निशवर डाग कायमचा. म्हणून गाडी कितीही रात्री परतली तरी कोचमनला चिखल ओला असतानाच धुवावा लागे. इझाबेला बीटनबाईंचं घरकामावरचं जाडजूड पुस्तक १८६१ साली निघालं. त्यात कोचमनच्या कामांत हे धुणंही येतं: आसाखाली टेकू लावून चाक जमिनीपासून जरासं उचलायचं, फिरवत फिरवत ओल्या कुंच्यानं धुवायचं, आणि कुंचा शिरत नाही त्या कोपऱ्यांसाठी वेगळा ब्रश घ्यायचा. माझ्या लेखी या कामाची जन्मनोंद हीच. उचललेलं चाक, ते फिरवणारा एक हात आणि कोपऱ्यासाठी राखून ठेवलेलं निराळं हत्यार. पुढं ब्रश बनवणाऱ्यांच्या मालात खास आऱ्यांसाठीचा ब्रश म्हणून तो विकलाही जाऊ लागला. त्याचे केस डुकराचे, राठ आणि पाण्यात लवकर न मऊ पडणारे.

मोटार आली तेव्हा तबेल्यातली माणसंच पुष्कळ ठिकाणी तिची राखण करू लागली आणि तबेल्यातले ब्रश तिच्याबरोबर गेले. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांना तोफगाड्याच्या धर्तीचे लाकडी आऱ्यांचेच चाक होते, त्यामुळं काम ओळखीचं होतं. ते अवघड झालं तारांच्या चाकानं. तारेवर ताण देऊन चाक उभं करायची कल्पना जॉर्ज केलीची, १८०८ सालची, आणि तीही उडत्या यंत्रासाठी. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं १८७४ साली तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या तारांचं पेटंट घेतलं. आपल्या सायकलीचं चाक आजही त्याच वळणाचं आहे. कॉव्हेंट्रीच्याच रज-व्हिटवर्थ कंपनीनं १९०८ च्या सुमारास मोटारीसाठी तारांचं असं चाक काढलं, की मधली एक मोठी चाकी हातोड्यानं सोडवली की अख्खं चाक हातात येई. पंक्चरचा वेळ वाचला, धुणाऱ्याचा वाढला. पुढं १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या तारांच्या चाकात ७२ तारा असत. तारेची दोन टोकं धरली तर एका चाकात १४४ ठिकाणी घाण बसायला जागा. अशी चाकं सांभाळणारे लोक आजही आहेत, आणि तारांच्या मागच्या रांगेला हात लावायचा तर चाक काढून आडवं ठेवण्यावाचून गत्यंतर नाही असं त्यांच्यातले काहीजण सांगतात.

तारांवर खरा उपाय केला एत्तोरे बुगाटीनं. १९२४ साली लियोंच्या ग्रां प्रीत त्याची टाइप ३५ उतरली ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर. आठ रुंद, चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढलं की ड्रमही हातात येई आणि ब्रेकची आतली बाजू डोळ्यांसमोर उघडी. ते चाक मला आजही सर्वांत देखणं वाटतं, आणि धुवायलाही सोपं, कारण दोन आऱ्यांमधून अख्खा हात आत जातो. ओतकामाची हीच वाट चालत राहिली असती तर या लेखाची गरज पडली नसती.

पण ओतीव धातूला हवा तो आकार देता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर टेड हॅलिब्रँडनं कॅलिफोर्नियात शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं ओतायला घेतली, आणि १९५० च्या दशकात इंडियानापोलिसच्या मैदानावर ती गाडीमागून गाडीला दिसू लागली. मॅग्नेशियम हलकं, पण ओलाव्यानं लवकर गंजणारं. रोजच्या वापराला निरुपयोगी. म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांना तशाच दिसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांची पाळी आली. धातू बदलला, नाव तेच राहिलं. आपल्या गॅरेजमध्ये आजही मोटरसायकलला किंवा मोटारीला 'मॅग' टाकतात. त्या मॅगमधलं मॅग्नेशियम बहुतेकांच्या हाताला कधी लागलेलंच नसतं. एखादा शब्द मूळ वस्तू सोडून असा निघून येतो आणि कारागिरांच्या तोंडी सुखानं नांदतो, याचं मला फार अप्रूप आहे.

नंतर दिसण्याची चढाओढ लागली. जर्मनीतल्या फुक्स कारखान्यानं १९६६ साली पोर्शे ९११ साठी घडीव अ‍ॅल्युमिनियमचं पाच पाकळ्यांचं चाक दिलं. १९७० मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिल्टाख गावी बाउमगार्टनर आणि ब्रांड या दोघांनी बीबीएस कंपनी काढली; आडनावांची दोन अक्षरं आणि गावाचं एक. तिच्या जाळीदार चाकांत आरे एकमेकांना ओलांडून जातात, जुन्या तारांच्या चाकाची आठवण धातूत ओतल्यासारखे. पाहायला अप्रतिम. धुवायला मात्र बुगाटीनं मिटवलेली सगळी सांद परत आली, आणि या खेपेला तिच्यात शिरणारी घाण वेगळी होती.

ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून इथं थांबतो. चाकावरची काळी भुकटी रस्त्यावरून येत नाही. ती ब्रेकमधून येते. इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवाले उतारावर चाकाला लाकडी ठोकळा दाबत, आणि तो ओला होऊन घसरू नये म्हणून त्यावर जुन्या बुटाचं कातडं ठोकत. हे पाहून हर्बर्ट फ्रूडनं १८९७ च्या सुमारास ब्रेकची लायनिंग तयार करायला घेतली आणि त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली, असं सांगतात. पुढं कित्येक दशकं या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं. त्या काळचे मिस्त्री ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेनं भुकटी उडवायचे आणि तीच श्वासातून घ्यायचे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसाला काय करतात हे कळल्यावर त्या माणसांची आठवण काढताना मन कळवळतं. ब्रेकची भुकटी आधी ओली करावी, फुंकू नये. ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांना मी हे आजही आवर्जून सांगतो.

मात्र ड्रमची एक गोष्ट चांगली होती: भुकटी डब्यात बंद राहायची. वडिलांच्या पद्मिनीची चाकं पाच मिनिटांत निघायची त्याचं कारण पत्र्याइतकंच हेही. डिस्क ब्रेकचं पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ सालीच घेतलं होतं, पण त्याला दिवस आले १९५३ मध्ये, जॅग्वारची सी-टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ले मांची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा. दोन वर्षांनी सित्रोएन डीएस पुढच्या डिस्क ब्रेकसह बाजारात आली. डिस्कला डबा नसतो. पॅड बिडाच्या तबकडीला दोन्हीकडून आवळतं, आणि दोघांचीही झीज उघड्यावर उडून थेट आऱ्यांवर येते. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढं झुकतं, थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी. एखादी गाडी विकत घ्यायला गेलात तर हे बघा; पुढची आणि मागची चाकं सारखीच स्वच्छ असतील तर ती नुकती कुणीतरी मनापासून धुतली आहेत.

या भुकटीत लोखंडाचे बारीक, धारदार, तापलेले कण असतात. ते चाकावरच्या पारदर्शक लेपात रुततात, पावसाचं पाणी लागलं की गंजतात आणि नारिंगी ठिपके उमटतात. आरा जिथं रिमला मिळतो तो काटकोन, नटांची खोल भोकं, आणि रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांच्या कडा, ही त्यांची आवडती ठिकाणं. साबणाचा उपयोग तेलकट मळावर होतो. रुतलेल्या लोखंडापुढं तो हात टेकतो. म्हणून बाजारात आम्लाची पाणी आली. त्यांनी चाक क्षणात पांढरंफटक होतं खरं, पण ते आम्ल लेपालाही खातं. आमच्या एका जुन्या गाडीची चारही चाकं अशाच एका धुलाईत कायमची मळकट-ढगाळ झाली. धुणाऱ्या मुलाच्या बोटांची सालटंही तेव्हा निघालेली मी पाहिली. चाकांपेक्षा ती बोटं माझ्या जास्त लक्षात राहिली.

यावर उतारा निघाला तो केशभूषेच्या दुकानातून, आणि हा या सगळ्या कुळकथेतला मला सर्वांत प्यारा धागा. थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार केसांमधले गंधकाचे बंध सोडवतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत बायकांचे केस यंत्राच्या उष्णतेविना कुरळे करायला ते सर्रास वापरात आले. त्यांचाच एक भाऊबंद केस काढायच्या क्रीममध्ये असतो. लोखंड भेटलं की हेच क्षार त्याला धरून ठेवतात आणि गडद जांभळा रंग देतात. प्रयोगशाळेत हा गुण जुन्या काळापासून ठाऊक होता. तो चाकावर वापरला गेला आणि धुणाऱ्याला प्रथमच डोळ्यांनी दिसू लागलं, की कण कुठं रुतलेत. फवारा मारा, दोन-तीन मिनिटं थांबा, आऱ्यांमधून जांभळे ओघळ सुटतात. चाक मात्र गार हवं आणि पाणी वाळू देता कामा नये. वास तोच, घरोघरच्या न्हाणीघरात ओळखीचा, क्रीमचा. हातमोजे याही कामाला लागतात.

ओघळ सुटले तरी घासावं लागतंच, आणि तिथं पुन्हा कोचमनचा ब्रश. फरक केसांचा. ड्यूपाँटनं १९३८ साली नायलॉन बाजारात आणलं ते पहिल्यांदा दात घासायच्या ब्रशाच्या केसांत. डुकराच्या केसांची सद्दी तिथून ढळली. घराघरांत झिजलेला टूथब्रश चाकाच्या नटांसाठी राखून ठेवायची चाल पडली. आमच्याकडंही तो फडताळात गाडीच्या किल्लीशेजारी असे. दुसरा नातेवाईक म्हणजे तान्ह्या मुलाची बाटली धुवायचा, पिळलेल्या तारेत केस धरलेला लांबुडका ब्रश. अरुंद फटीत तो उत्तम जातो, पण टोकाची तार उघडी असेल तर चाकावर ओरखडा उठतो. म्हणून आता प्लास्टिकच्या दांड्यावर लोकर किंवा मऊ कापड चढवलेले ब्रश मिळतात. ते शिंतोडेही कमी उडवतात.

यापुढं भुकटी कमी होईल असं दिसतं. विजेची गाडी बराचसा वेग मोटरनंच उतरवते, पॅड क्वचित झिजतात. युरोपनं २०२४ साली मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकच्या कणांनाही प्रथमच मर्यादा घातली आहे: किलोमीटरमागं विजेच्या मोटारीला ३ मिलिग्रॅम, बाकी बहुतेक मोटारींना ७.

गेल्या श्रावणात कोकणातून परतल्यावर मित्राची विजेची गाडी मी वॉशिंग सेंटरवर नेली. ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरत होतं. आरे बाहेरून लख्ख, काळ्या भुकटीचा मागमूस नाही. मुलानं गाडी रॅम्पवर घेतली, वर उचलली आणि टॉर्च आत मारला. रिमच्या आतल्या अंगाला तांबड्या मातीची जाड खपली एकाच बाजूला वाळून बसली होती. चाकाचा तोल तिनंच घालवला होता. त्यानं पाण्यानं ती भिजवली, बादलीतून लांब दांड्याचा ब्रश काढला, डाव्या हातानं चाक हलकेच फिरवलं आणि उजव्या हातानं ब्रश दोन आऱ्यांमधून आत सारला. माती तांबड्या धारेनं रॅम्पवरून खाली वाहू लागली, आणि तो चाक फिरवत राहिला.