तिवस्याहून न सुटलेलं ग्रहण

आपल्या ग्रुपवर यंदा एक वाद रंगला. दहावीची परीक्षा संपल्यावर आपण पाहिलेलं चंद्रग्रहण सुटताना दिसलं होतं की नाही? चंद्र पुन्हा पांढरा होताना पाहिला, असं बरेच जण शपथेवर सांगतात. माझा हट्ट वेगळाच: एका अंगाला तांबडा चंद्र, दुसऱ्या अंगाला उगवता सूर्य, दोन्ही एकदम पाहिले. स्मरणिकेत चुकीचं छापलं जायला नको म्हणून हिशेब मांडला.

४ एप्रिल १९९६, गुरुवारची पहाट, चैत्री पौर्णिमा. बाजा अंगणातच होत्या. ग्रहण लागलं ३.५१ ला. ४.५६ ला चंद्र पूर्ण झाकला, तो ६.२३ पर्यंत. मोक्ष ७.२९ ला. आणि तिवस्यात सूर्य उगवला सुमारे ६.०९ ला, त्यानंतर चार-पाच मिनिटांत चंद्र मावळला. म्हणजे पूर्ण ग्रासलेलाच तो अमरावतीकडे बुडाला. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. पांढरा झालेला चंद्र आपल्यापैकी कोणीही पाहिलेला नाही. त्या वेळी युरोपात मध्यरात्र होती. तिथल्या लोकांनी मात्र ग्रहण पुरतं पाहिलं, वर काळोख्या आकाशात ह्याकुताके धूमकेतूही. आपला धूमकेतू ग्रहण लागण्याआधीच मावळत होता.

आता माझं. हवा किरणांना वाकवते, क्षितिजावरचं बिंब अर्धा अंश वर उचलून दाखवते, म्हणून ग्रहणातही दोघं समोरासमोर दिसू शकतात. पण अवघी चार-पाच मिनिटं, त्यात क्षितिजावरची धूळ आणि उजाडलेलं आभाळ! सावलीतला चंद्र त्याआधीच दिसेनासा झाला असणार. दोन आठवणी मीच जोडल्या होत्या. सोडवत नाही, पण सोडते.

एका व्यक्तीचं मात्र बरोबर निघालं. सकाळी आजीपुढे चहा ठेवला तर म्हणाली, "बुडला, पन सुटला नाई बाई." मी वहीत पृथ्वीच्या सावलीची आकृती काढून दाखवली, साडेसातलाच सुटला म्हणून समजावलं, चिडलेही. ऐन एप्रिलच्या उन्हात तिनं दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. संध्याकाळी वर्धा नदीच्या बाजूनं चंद्र वर आला. तिनं तो नीट निरखून पाहिला, आंघोळ केली आणि मग भाकर मागितली.