कमी वेगातील एबीएस दोष
चाक घसरत नसतानाही गाडी थांबता थांबता अँटी-लॉक ब्रेक प्रणाली (एबीएस) कार्यान्वित होणे, यास कमी वेगातील एबीएस दोष म्हणतात. पेडल थरथरते व गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. पोलादपूर–महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटाच्या वळणांवर हे धोक्याचे ठरते. कोकणच्या दमट हवेत वेगसंवेदकाखाली गंज साचला, की संवेदक दातेरी कड्यापासून दूर सरकतो. चुंबकीय संवेदकाचा मंद वेगात मुळातच क्षीण असलेला संकेत मग तुटतो आणि संगणक चाक अडकल्याचे समजून ब्रेकचा दाब सोडतो. इशारादिवा बहुधा लागत नाही. म्हणून स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहत गाडी हळूहळू थांबवतात. ज्याचा आकडा आधी शून्यावर येतो, ते चाक सदोष. गंज खरवडून संवेदक पुन्हा बसवतात. कडे तडकले असल्यास बदलतात. नुसता फ्यूज काढल्यास थरथर थांबते, पण एबीएसही बंद पडते.