दोन औंसाला एक कुपन

१ जून १९४१. रविवार. ब्रिटनमधले लोक सकाळी उठून रेडिओ लावतात, तर व्यापार मंडळाचे प्रमुख ऑलिव्हर लिटलटन सांगतायत की आजपासून कपडे रेशनवर. आदल्या दिवशीपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. सोमवारी बँक हॉलिडे, त्यामुळे दुकानांवर झुंबड उडायचाही प्रश्न नाही. कपड्यांची वेगळी कुपनं आधी छापली असती तर छापखान्यातूनच बातमी फुटली असती, म्हणून अन्नाच्या रेशनबुकात मार्गारिनची जी जास्तीची कुपनं होती तीच कपड्यांसाठी चालतील असं जाहीर केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर लाँग वीकेंडला, कुणालाही मेल न टाकता केलेलं प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट! आणि तेही नवीन टेबल न बनवता, जुन्या टेबलातला रिकामा कॉलम वापरून. मला तर ही गोष्ट वाचल्यापासून त्या खात्यातल्या बाबू लोकांबद्दल भलताच आदर वाटतो.

पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. बाईचा लोकरी ड्रेस ११ कुपनं, बूट ५, स्टॉकिंगची जोडी २, ब्लाउज किंवा स्वेटर ५. पैसे वेगळे द्यायचेच, कुपनं ही नुसती परवानगी. आणि विणायची लोकर, दोन औंसाला १ कुपन.

हा शेवटचा आकडा मला पाठ आहे, कारण गेली दोन-तीन वर्षं मी त्याच काळातल्या नमुन्यांवरून विणतेय. शनिवारी-रविवारी १९४० च्या दशकातले स्वेटर, तसे केस, जमल्यास तशी लिपस्टिक. हे आता जगभर बऱ्याच जणी करतात आणि त्याला ‘व्हिंटेज’ असं गोंडस नाव आहे. (ऑफिसात एकीने माझे केस बघून ‘आज गॅदरिंग आहे का गं?’ असं विचारलं होतं. असो.) पण जरा खोलात शिरलं की लक्षात येतं, आपण ज्याला ‘स्टाईल’ म्हणतो त्यातली निम्मीअधिक गोष्ट म्हणजे टंचाईवर काढलेला तोडगा आहे.

लोकरीचंच घ्या. मुळात लोकर कमी नव्हती. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची सगळीच्या सगळी लोकर विकत घेऊन टाकली होती. कमी होती ती जहाजं, गिरण्या आणि गिरण्यांत काम करणारे हात. सैनिकांचे गणवेश आधी, बाकी सगळं नंतर. मग हिशोब असा, की बेताच्या मापाचा, कमरेपर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर तीन पदरी बारीक लोकरीत सात-आठ औंसात बसतो. म्हणजे ४ कुपनं. तयार घेतला तर ५. एकच कुपन वाचतं, पण वर्षाच्या बजेटमध्ये दोन-तीनदा असं वाचलं की स्टॉकिंगची एक जोडी सुटते. अर्थात आखूड स्वेटरची फॅशन १९३० च्या दशकातच आलेली होती, ती काही लिटलटनसाहेबांनी आणली नाही. पण फॅशन एरवी चार वर्षांत बदलली असती, ती कुपनांनी जागच्या जागी गोठवून ठेवली.

नवी लोकर मिळेना तेव्हा जुनी. सरकारने १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा आणि फाटलं तर शिवा, एवढाच तिचा अर्थ. जुना स्वेटर उसवायचा म्हणजे काय करायचं, हे तेव्हा प्रत्येक घरात ठाऊक असे. आधी शिवणी सोडवायच्या. मग जिथे टाके बंद केलेत तिथून धागा ओढत जायचं आणि खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लडी करायची. कोपरावर झिजलेला भाग सरळ काढून टाकायचा. लडी चार ठिकाणी सैलसर बांधून कोमट पाण्यात धुवायची आणि खाली काहीतरी वजन लटकवून वाळत घालायची, म्हणजे धाग्यातल्या कुरळ्या लाटा जातात. मी हे एकदा करून बघितलंय. एका स्वेटरला अख्खा रविवार गेला, आणि मला दुसऱ्या दिवशी बॉम्ब भरायच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायचं नव्हतं.

असे वेगवेगळ्या रंगांचे उरलेसुरले धागे जमले की फेअर आयल. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातल्या एका इवल्या बेटाचं हे नाव. बारीक बारीक नक्षीचे आडवे पट्टे असतात ना, ते. १९२० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने असा स्वेटर घातला आणि त्याची चलती झाली. या प्रकाराची गंमत अशी की एका ओळीत दोनच रंग असतात आणि प्रत्येक रंग थोडाथोडाच लागतो. शिवाय न वापरलेला रंग मागून नेतात, त्यामुळे कापड दुहेरी आणि उबदार होतं. म्हणजे तुकडे संपवायला आणि कोळशाच्या टंचाईत थंडीला, दोन्हीला उपयोगी. आज हाच नमुना विणायला मी मुद्दाम सात रंगांचे सात नवे कोरे गुंडे विकत घेते. यातला विनोद माझ्या लक्षात आलेला आहे.

घरच्यांशिवाय सैनिकांसाठीही विणायचं असे. मोजे, मफलर, हातमोजे, आणि बालाक्लाव्हा. बालाक्लाव्हा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली माकडटोपी! क्रायमियातल्या १८५४ च्या लढाईच्या गावावरून तिला ते नाव पडलं. महाबळेश्वरला डिसेंबरात समस्त आजोबावर्ग जी घालून पॉइंट बघत फिरतो, तिचं खानदान इतकं मोठं आहे.

इथे थोडं विषयांतर करते, कारण इंजिनियर माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या ब्रिटिश नमुन्यात ‘१० नंबरच्या सुया’ असं लिहिलेलं असतं. अमेरिकन नमुन्यातही १० नंबर असतो. पण ब्रिटिश १० म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि अमेरिकन १० म्हणजे ६ मिलिमीटर, जवळजवळ दुप्पट. ब्रिटिश नंबर तारेच्या गेजसारखे चालतात. तार जितक्या जास्त वेळा साच्यातून ओढाल तितकी ती बारीक होते, म्हणून नंबर मोठा तितकी सुई बारीक. आपल्याकडे मोटर वाइंडिंगवाला अजून त्याच गेजमध्ये बोलतो, आणि आमची मावशी अजून ‘बॉर्डरला बारा नंबर, वर दहा नंबर’ असंच सांगते. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीचा लंडनचा नमुना मला कुठलंही कोष्टक न बघता वाचता येतो. दोन सुलट, दोन उलट, चांदणीच्या खुणेपासून पुन्हा. लूप आहे, कंडिशन आहे, कॉमेंट मात्र एकही नाही, कारण वाचणारीला सगळं येतंच असं गृहीत धरलंय. लेगसी कोड म्हणतात तो हाच.

आता केस. कपाळावर दोन्ही बाजूंना पोकळ गुंडाळ्या उभ्या केलेल्या असतात त्यांना व्हिक्टरी रोल म्हणतात. लढाऊ विमानं जिंकून परतताना हवेत गिरकी घेत, तिलाही तेच नाव. पण केस वर जाण्याचं कारण विमानांपेक्षा यंत्रांत जास्त आहे. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने कायदा करून २० ते ३० वयाच्या अविवाहित बायकांना युद्धाच्या कामाला जुंपलं. सैन्याच्या महिला दलात गेलात तर केस कॉलरच्या वर हवेत हा नियम. कारखान्यात गेलात तर समोर फिरणारा लेथ किंवा ड्रिल. मोकळी बट त्यात अडकली तर केसांसकट कातडी निघते. त्यामुळे डोक्याला रुमाल बांधा असं सांगणारी पोस्टरं लागली. एकावर तर चक्क ‘तुमची रशियन बहीण बांधते, तुम्हीही बांधा’ अशा अर्थाचा मजकूर आहे. तिकडे अमेरिकेत व्हेरॉनिका लेक ही नटी एका डोळ्यावर केस सोडायची आणि कारखान्यातल्या पोरी तिची नक्कल करायच्या, तर १९४३ मध्ये सरकारच्या विनंतीवरून तिने केस वर बांधून दाखवले.

आणि रुमालातून बाहेर दिसणार काय, तर फक्त पुढचे केस. मग सगळी हौस तिथेच. रात्री ओलसर केसांची एकेक बट बोटावर वेटोळं करून डोक्याला चपटी लावायची, दोन पिना फुलीसारख्या खोचायच्या, वर जाळी किंवा रुमाल बांधून झोपायचं. लोशन नसेल तर साखरेचं पाणी (साखरही रेशनवर, हे आलंच). मला बत्तीस वेटोळी घालायला चाळीस मिनिटं लागतात आणि झोपायला कूस मिळत नाही. शिवाय पिनांचा धातूही युद्धाकडे गेलेला, त्यामुळे हरवलेली पीन पलंगाखाली शिरून शोधायची. माझ्याकडे शंभरचा डबा आहे.

चेहऱ्याचं थोडक्यात आटोपते, कारण बीटाच्या रसाची लिपस्टिक वगैरे कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. सौंदर्यप्रसाधनांचं उत्पादन सरकारने युद्धापूर्वीच्या पावपट करून टाकलं आणि वर भरपूर कर लावला, पण पूर्ण बंदी कधी घातली नाही. लिपस्टिकचे तळाशी राहिलेले तुकडे वाटीत घालून गरम पाण्यावर वितळवायचे. रेशमी स्टॉकिंग गेले, तर पायांना ग्रेव्हीला रंग आणायचा तपकिरी रस फासायचा आणि मैत्रिणीकडून भुवयांच्या पेन्सिलीने मागे शिवणीची रेघ काढून घ्यायची. पाऊस आला की संपलं. साबण फेब्रुवारी १९४२ पासून रेशनवर होता.

मला खटकतं ते पुढचं. एकीकडे सरकार वस्तू काढून घेत होतं, आणि दुसरीकडे मासिकं, जाहिराती, सगळे मिळून सांगत होते की बायांनो, नीटनेटक्या दिसा, तुम्ही गबाळ्या दिसलात तर पुरुषांचं मनोधैर्य खचेल. म्हणजे पाळी करा, दुकानासमोर रांगेत उभ्या राहा, तळघरात भोंगा थांबायची वाट बघत मोजे विणा, आणि रात्री बत्तीस पिना लावून झोपा. हे सगळं करून सकाळी हसऱ्या दिसा. काहींना त्यात खरंच आधार वाटत असणार, ते मी नाकारत नाही. घर कोसळलं तरी ओठ लाल आहेत, यात एक ताठपणा आहेच. पण त्यात गेलेला वेळ कुठल्याच कुपनात मोजला गेला नाही.

आणि आपल्या बाजूने बघितलं की अजून एक गोष्ट टोचते. त्याच वर्षांत मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या सैन्यासाठी कापड विणत होत्या. इथे कापडाचे भाव इतके चढले की १९४३ मध्ये सरकारला कापडावर कंट्रोल आणावा लागला. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द आजी लोकांच्या तोंडी असायचा तो तिथून आला. ब्रिटनमधली ६६ कुपनं ही नुसती मर्यादा नव्हती, हमीही होती. श्रीमंत असो गरीब असो, एवढं तुमच्या वाट्याला येईलच. त्याच साम्राज्यातल्या बंगालला अशी हमी कुणी दिली नाही. तिथे १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि अन्नापाठोपाठ कापडाचीही अशी टंचाई झाली की अंगावर धड साडी नाही म्हणून बायका घराबाहेर पडू शकत नव्हत्या. ‘आहे त्यात भागवा’ हे सांगायला आधी काहीतरी असावं लागतं. ती पुस्तिका आज भेटवस्तूंच्या दुकानात छान कव्हर घालून मिळते. मी घेतली आहे, पण हे आठवून.

दुसऱ्या महायुद्धातच अब्राहम वाल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजताना, जी परत आलीच नाहीत त्यांचा विचार करा असं सांगितलं होतं. आमच्या क्षेत्रात हा किस्सा प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. व्हिंटेज कपड्यांना तो तंतोतंत लागू पडतो. आज जुन्या कपड्यांच्या दुकानात किंवा संग्रहालयात जे मिळतं ते जपून ठेवलेलं, समारंभाचं, कमी वापरलेलं. रोजचा स्वेटर उरलेलाच नाही. तो उसवून त्याचा मुलाचा स्वेटर झाला, मग मोजे झाले, मग मोज्यांच्या टाचा रफू करायला गेला. आपण ज्या १९४० च्या दशकाची नक्कल करतो ते फोटो काढण्यापुरतं नटलेलं आहे.

फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला दिओरने वारेमाप कापडाचे, पोटरीपर्यंत घोळदार झगे आणले, तेव्हा ब्रिटिश मंत्र्यांनी नाकं मुरडली आणि बायकांनी ते झगे डोक्यावर घेतले. कपड्यांचं रेशन १५ मार्च १९४९ ला उठलं.

नमुने तेवढे उरले. जेन वॉलर या बाईंनी १९७२ मध्ये असे जुने नमुने जमवून ‘अ स्टिच इन टाइम’ हे पुस्तक काढलं. २००८ मध्ये सुझन क्रॉफर्डबरोबर त्याची नवी आवृत्ती आली, तेव्हा नमुने आजच्या वेगवेगळ्या मापांसाठी पुन्हा मांडावे लागले. कारण जुन्या पत्रकात बहुधा एकच माप असायचं, छाती ३४ इंच. त्याहून जाड असाल तर टाके किती वाढवायचे ते तुमचं तुम्ही बघा. सध्या माझ्या सुयांवर त्याच काळातलं एक पत्रक आहे, पाठ झालीये, पुढचा भाग काखेपर्यंत आलाय. दर दहा ओळींना दोन टाके वाढवत मी ते ३८ वर नेतेय. लोकर बारा औंस लागेल असं दिसतंय, म्हणजे ६ कुपनं. तयार घेतला असता तर पाचातच भागलं असतं.