‘बागान टाइम’विषयी तळटीप
* मळ्यातले ‘आठ वाजले’ म्हणजे आपल्या घड्याळात सात. आसामच्या चहामळ्यांत भारतीय प्रमाणवेळेच्या तासभर पुढे असलेला ‘बागान टाइम’ चालतो. ही रीत ब्रिटिश मळेवाल्यांची. जूनअखेर जोरहाटला सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो, तर कच्छात मुंद्र्याच्या खारकेच्या बागांवर सहा वाजून गेल्यावर. रेखांशांत सुमारे साडेचोवीस अंशांचे अंतर, अंशाला चार मिनिटे. हिशेब वाचकानेच करावा. खारकेचे घड उतरवणारा बहुधा ऊन बघून कामाला लागतो. पाती खुडणाऱ्या बाईला मात्र पाठीवरची टोपली घेऊन ठरल्या वेळी वजनकाट्यापुढे उभे राहावे लागते. १९५१चा मळा-कामगार कायदा अशी स्थानिक वेळ ठरवू देत होता, तेव्हा लेखकाने तिला ‘मळेवाल्यांची लहर’ म्हणणे पटत नाही. — संपादक