बंद दारे आणि लघुलहरी : सत्तरच्या दशकातील एका श्रवणाचा इतिहास

मालव्यातील महाराष्ट्रीय घराण्यांच्या इतिहासाची साधने म्हटली की सनदा, मोडी दफ्तरे, कुलवृत्तांत आणि देवघरातील टाक आपल्या डोळ्यांसमोर येतात. होळकरांच्या फौजेबरोबर अथवा कारभाराच्या निमित्ताने दक्षिणेतून येऊन देपालपूर परगण्यात स्थिरावलेल्या कुटुंबांनी ही साधने निगुतीने जपली. मात्र याच घरांच्या ओसरीवर भरतकामाच्या आच्छादनाखाली जो रेडिओ विराजमान होता, त्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाला वाटले नाही. आज साठी-सत्तरी ओलांडलेली आमची पिढी एकत्र जमली की सत्तरच्या दशकातील गिटार, ड्रम आणि रॉकच्या ठेक्याची आठवण हमखास निघते. या स्मरणरंजनाकडे केवळ हळवेपणा म्हणून न पाहता इतिहास म्हणून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देपालपूर हे इंदूरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवरील तहसिलीचे गाव. गावाचे नाव परमार राजा देवपालाशी जोडले जाते. काळ्या जमिनीच्या या गावात पाश्चात्त्य संगीताचे जलसे होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि रॉकच्या ध्वनिमुद्रिका इंदूरच्या दुकानांतही सहजासहजी मिळत नसत. २२ मे १९५५ रोजी सुरू झालेले आकाशवाणीचे इंदूर केंद्र आमचे जवळचे केंद्र. ‘मालवा हाउस’मधून प्रसारित होणाऱ्या ग्रामीण कार्यक्रमातील नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा वाड्यातल्या मंडळींना जितक्या प्रिय, तितक्याच शेतावरच्या गड्यांनाही. मग त्या खणखणीत जवळच्या आवाजाला सोडून आमचे कान समुद्रापलीकडे का वळले? याचे उत्तर एका मराठी मंत्र्यापाशी जाऊन पोहोचते.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. अभिजात संगीताला राजाश्रयाच्या जागी लोकाश्रय मिळावा, ही त्यांची तळमळ खरी होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच कारकिर्दीतले. संस्थाने विलीन झाल्यावर निराधार झालेल्या अनेक गवयांना आकाशवाणीने हात दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटसंगीत त्यांना हीन वाटे. त्यांच्या धोरणामुळे आणि निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मात्र रेडिओ बंद केला नाही. त्यांनी केवळ काटा सरकवला.

काटा सरकला तो रेडिओ सिलोनवर. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी कोलंबोजवळ उभारावयास घेतलेले १०० किलोवॅटचे लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या हाती आले होते. ३ डिसेंबर १९५२ पासून दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कोलंबो आपल्यापासून सुमारे १८०० किलोमीटर दूर. पण लघुलहरी आकाशातील आयनांच्या थरावर आपटून खाली परतत असल्याने तेथील आवाज आमच्या माळवदापर्यंत येई. तो सरळ येत नसे. भरतीच्या लाटेसारखा फुगे, ओसरे, खरखरे आणि पुन्हा उमटे. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार एरियल, तापावयास क्षणभर घेणारा व्हॉल्व्हचा मर्फी किंवा बुश, आणि केसभर फिरवावयाचा काटा. या सरावातून एक संपूर्ण पिढी लघुलहरींच्या पट्ट्यावर वावरण्यास शिकली. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू होऊन चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली खरी, पण तोवर वाट पडून गेली होती.

त्या वाटेवरून काय आले, हे पाहताना दुसऱ्या एका मराठी माणसाचे स्मरण अपरिहार्य आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये त्यांनी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादकांना हाताशी धरून पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा बाज हिंदी पडद्यावर आणला, आणि ‘आशा’ (१९५७) मध्ये किशोरकुमारांच्या गळ्यातून रॉक अँड रोलचा ठेका देशभर पोहोचविला. अमेरिकेत बिल हेलीने धुमाकूळ घातल्याला तेव्हा दोन-तीनच वर्षे झाली होती. एक मराठी मंत्री अभिजाततेची वेस राखीत असता दुसरा मराठी संगीतकार त्या वेशीत खिडक्या पाडीत होता. आणि आमच्या घरांतून दोघांचेही चाहते नांदत होते.

सत्तरच्या दशकात या खिडक्यांची दारे झाली. रॉक आपल्याकडे दोन मार्गांनी आले, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. पहिला मार्ग थेट. सिलोनची इंग्रजी सेवा, बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिका यांवरून इंग्रजी गाणी येत. देपालपुरात ती मुद्दाम ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. शिक्षणासाठी इंदुरास राहिलेला एखादा मुलगा सुट्टीत घरी येई आणि रात्री निजानीज झाल्यावर ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन काटा फिरवीत बसे. शब्द निम्मे कळत नसत, गायकाचे नाव खरखरीत बुडून जाई. परंतु इलेक्ट्रिक गिटारचा तो ताणलेला सूर मनात रुतून राही. दुसरा मार्ग आडवळणाचा, पण राजमार्गाइतका रुंद. तो म्हणजे राहुलदेव बर्मन. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील आशाबाईंच्या गीतातील भूपिंदर सिंग यांची गिटार, ‘यादों की बारात’ (१९७३) मधील रंगमंचावरील वाद्यवृंद, ‘शोले’ (१९७५) मध्ये देमिस रूसोसच्या चालीवरून घेतलेले गाणे, ‘हम किसीसे कम नहीं’ (१९७७) मधील आबा या स्वीडिश गटाची छाया, अशा रीतीने युरोप-अमेरिकेचे तत्कालीन पॉप आणि रॉक हिंदीचा वेष घेऊन माजघरापर्यंत गेले. ज्या काकूंनी पिंक फ्लॉइड वा लेड झेपेलिन ही नावे जन्मात ऐकली नाहीत, त्याही भाकरी थापताना नकळत त्याच ठेक्याला हात देत.

दारे लावण्याचे प्रयत्न संपले नव्हते. आशाबाईंच्या उपरोक्त गीतास आकाशवाणीने मज्जाव केला. आणि तेच गीत बिनाका गीतमालेच्या १९७२ च्या वार्षिक यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढे आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, किशोरकुमारांच्या गीतांवरच आकाशवाणीवर बंदी आली. मालव्याला ही गोष्ट विशेष झोंबली. खंडव्यात जन्मलेला, इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला, जिमी रॉजर्ससारख्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून यॉडलिंग आपलेसे केलेला हा गायक आम्ही घरचाच मानीत होतो. बंदी घालणारे मंत्री विद्याचरण शुक्ल हेही मध्य प्रदेशाचेच. परंतु दिल्लीचा आदेश कोलंबोस लागू नव्हता. १९५२ प्रमाणेच १९७६ मध्येही काटा तेवढा सरकला. पंचवीस वर्षांत तीनदा हा प्रयोग झाला आणि तीनही वेळा निष्कर्ष एकच निघाला : कानावर पहारा बसविता येत नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या त्या वेळच्या चिंतेचा विचार केला पाहिजे. हा धांगडधिंगा मुलांच्या कानांतून राग, नाट्यपदे आणि शेवटी मराठीही घालवील, असे त्यांस वाटे. परमुलखात दोन-अडीच शतके भाषा टिकवून धरणाऱ्यांची ही भीती हास्यास्पद मुळीच नव्हती. परंतु घडले ते वेगळे. रात्री गिटार ऐकणारा मुलगा सकाळी त्याच रेडिओवर कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन ऐकत होता. १९४८ पासून देवासला राहिलेल्या कुमारजींनी मालव्याच्या लोकधुनांतून नवे राग शोधले, तेव्हा त्यांनाही परंपरेच्या अभिमान्यांचा रोष पत्करावा लागलाच होता. आणि पाश्चात्त्य रॉक तरी कोठे निखळ परके होते? बीटल्सच्या गाण्यात सतार १९६५ सालीच वाजली होती. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन यांच्या शेजारी जे रविशंकर आणि अली अकबर खाँ बसले, त्यांची विद्या आपल्याच प्रांतातील मैहरची, बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांची. दूरच्या लहरीवरून आमच्याकडे येणाऱ्या सुरांत आमचाही थोडा अंश होता.

याचे कारण आमच्या मते संगीतात नसून श्रवणाच्या रीतीत आहे. घरात रेडिओ एक. त्याचा परवाना पोस्टातून घ्यावयाचा, त्याची जागा ठरलेली. त्यामुळे आजोबांना नातवाचे गाणे ऐकावे लागे आणि नातवाला आजोबांचे. कुरकुर होई, काट्यावरून भांडणे होत, पण प्रत्येकाच्या कानात दुसऱ्याचे संगीत पडत असे. आज प्रत्येकाच्या हाती जगातील सर्व संगीत आहे, बंदी नाही, खरखर नाही. परंतु कानात घातलेल्या बोंडांमुळे शेजारच्या माणसाचे गाणे कोणासच ऐकू येत नाही. वडीलधाऱ्यांना ज्या रॉकची भीती वाटली, त्याने मराठीचे काही बिघडविले नाही. बिघडले असेल ते एकत्र ऐकणे थांबल्यामुळे.

म्हणूनच या स्मरणरंजनाला आम्ही इतिहासाचा दर्जा मागतो. अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत निवर्तले; त्यांचा आवाज कोलंबोहून ऐकलेली पिढीही आता विरळ होत आहे. मोडी दफ्तर वाचणारा आज ना उद्या मिळेल, परंतु बुधवारी रात्री आठ वाजता आपल्या ओसरीवर कोण कोठे बसत असे, काटा कोणाच्या हाती असे आणि कोणत्या गाण्याला कोण उठून जाई, हे सांगणारे गेले की ते पान कायमचे कोरे राहील. पेटीच्या तळाशी पडलेले परवान्याचे पुस्तक, माळ्यावरचा मुका मर्फी, वहीत उतरवून घेतलेल्या गीतांच्या याद्या ही आपल्या घराण्यांची दफ्तरेच आहेत. ती मोडीत देण्यापूर्वी घरातील वृद्धांना एकदा त्यांच्यापाशी बसवावे, आणि ते जे सांगतील ते नातवंडांकरवी मराठीत लिहून घ्यावे.