औषधाचे रूप

नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर येथे सिद्धनाथाचे परमारकालीन देवालय आहे. त्याच्या दर्शनास निघालो असता वाटेत खातेगांवी आमचा मुक्काम पडला. एके काळी होळकरांच्या इंदूर संस्थानच्या नेमावर जिल्ह्यातले हे गाव. आता ते देवास जिल्ह्यात आहे. बाजारात देशी औषधांचे एक जुने दुकान होते. सोबतच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी एकास दशमूलारिष्ट हवे होते, म्हणून आम्ही तेथे थांबलो. दुकानदाराने औषधे रोगांच्या क्रमाने मांडली नव्हती; खोकल्याची एकीकडे आणि पोटाची दुसरीकडे, असा प्रकार नव्हता. वरच्या फळीवर आसवे-अरिष्टे, तिच्याखाली चूर्णांचे डबे, मग गोळ्या, मग अवलेहांच्या बरण्या आणि सर्वांत खाली तेले, अशी ती मांडणी होती. कारण विचारता तो म्हणाला, हाताला चटकन सापडते म्हणून. सहा-सातशे वर्षांपूर्वी शार्ङ्गधराने आपल्या संहितेचा मध्यखंड नेमका याच पद्धतीने रचला होता, हे त्या गृहस्थास ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

औषधाचे द्रव्य एक आणि त्याचे रूप दुसरे, हा विवेक आपल्याकडे फार जुना आहे. चरकाने सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पाच कषायकल्पना सांगितल्या: ओल्या वनस्पतीचा पिळून काढलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून आटवलेला शृत म्हणजे काढा, रात्रभर गार पाण्यात भिजवून केलेला शीत, आणि कढत पाण्यात टाकून कुस्करून गाळलेला फांट. या पाचांत स्वरस सर्वांत बलवान आणि पुढचा प्रत्येक मागच्याहून हलका, तेव्हा रोग्याचे बळ पाहून रूप निवडावे, हा त्यातला मर्म. सहा रसांपैकी लवणास मात्र चरकाने या कल्पनांतून वगळले. मिठाचा स्वरस निघत नाही, कल्क होत नाही, काढाही होत नाही. वर्गीकरण करताना जे त्यात बसत नाही ते ओढूनताणून बसवायचे नाही, हा प्रामाणिकपणा आमच्या व्यवसायातील कित्येक कायदे रचणाऱ्यांनी शिकावा असा आहे.

शार्ङ्गधर चरकाच्या पुष्कळ पुढे गेला. त्याच्या ग्रंथाचे बत्तीस अध्याय तीन खंडांत विभागले आहेत. मध्यखंडातले बारा अध्याय म्हणजे बारा रूपे: स्वरस, क्वाथ, फांट, हिम, कल्क, चूर्ण, गुटिका, अवलेह, घृत-तैलादी स्नेह, आसव-अरिष्टादी संधान, धातूंचे शोधन-मारण आणि शेवटी रसकल्प. प्रमाणेही त्याने ठरवून दिली. काढ्यास द्रव्याच्या सोळा पट पाणी घ्यावे व ते अष्टमांश उरेपर्यंत आटवावे. हिमास सहा पट पाणी पुरे. उत्तरखंडात मात्र त्याने निराळी वाट धरली. तेथे स्वेदन, वमन, विरेचन, बस्ती, नस्य, धूमपान, गंडूष, लेप, नेत्रकर्म असे विषय आहेत; म्हणजे औषध शरीरात कोणत्या द्वाराने जाते अथवा शरीरावर कोठे लागते, यावरून केलेली विभागणी आहे. आजच्या औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी हेच दोन प्रश्न विचारतात. घन, द्रव, अर्धघन की वायुरूप, हा पहिला. मुखाने, त्वचेवरून, सुईने, डोळ्यात की श्वासातून, हा दुसरा. सुईचा मार्ग शार्ङ्गधराला माहीत नव्हता. पोकळ सुई जोडलेली पिचकारी युरोपात १८५३ च्या सुमारास आली. दाबून केलेल्या टिकल्यांचे पेटंट ब्रॉकेडनने इंग्लंडात १८४३ साली घेतले, आणि जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट फ्रान्समध्ये १८३४ चे. वस्तू नव्या असल्या, तरी प्रश्न जुनेच होते.

या बारा अध्यायांच्या क्रमात एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. आरंभीची पाच रूपे त्या दिवसापुरती आहेत. स्वरस सकाळी काढला तो सकाळीच प्यावा. काढा शिळा करून चालत नाही. चूर्णापासून टिकाऊपणास सुरुवात होते. पूर्वखंडात शार्ङ्गधराने हा हिशेबही मांडला आहे: नुसती वनस्पती वर्षानंतर निःसत्त्व होते, चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका आणि अवलेह वर्षभर टिकतात, आसव, धातू आणि रस मात्र जुने होतील तितके गुणवान. म्हणजे जे रूप टिकते ते साठवता येते आणि दूर नेता येते. जे दूर नेता येते त्याचा व्यापार होतो. आणि व्यापार आला की त्याच्या पाठोपाठ कर येतो व करामागून वकील येतो. औषधाच्या रूपाचा प्रश्न वैद्याच्या हातून न्यायाधीशापुढे कसा गेला, याचे बीज या क्रमातच दडलेले आहे.

घरोघरी मात्र पहिल्या पाच रूपांचेच राज्य होते. आमच्या पिढीतल्या कित्येकांना आजीने बाळगुटी दिली, ती सहाणेवर उगाळून. हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा यांचे किती वेढे द्यावयाचे ते बाळाच्या वयावर ठरे. वेढा हेच माप. ही विद्या ग्रंथातून आली नाही, हातातून हातात गेली. ती कागदावर उतरण्याचे प्रसंग थोडे, आणि त्यांतल्या एकाचा या मासिकाच्या कोंकणी वाचकांस अभिमान वाटावा. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान र्‍हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पहिला खंड १६७८ साली ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या कामी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे १६७५ चे कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. त्याआधी शतकभर, १५६३ साली, गोव्यातच गार्सिया द ओर्ता याचे भारतीय औषधींवरील संवाद छापले गेले होते. परक्यांनी आपली झाडे आपल्या वैद्यांस विचारून नोंदली, हे आम्ही लक्षात ठेवावे; आपल्यापैकी अनेकांनी त्या वैद्यांची नावेही ऐकलेली नसतात.

टिकाऊ रूपांचा मोठा व्यापार आपल्याकडे सुरू झाला तो १८७२ साली, पनवेलीस. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी तेथे औषधांचा कारखाना काढला आणि त्यास राजापूरजवळच्या धूतपापेश्वराचे नाव दिले. पापे धुणाऱ्या देवाचे नाव औषधाच्या बाटलीवर यावे, यात आम्हांस औचित्यच दिसते. १८९९ साली सांडू बंधूंनी मुंबईत असाच उद्योग आरंभिला. कारखान्यातून स्वरस किंवा फांट विकणे शक्य नव्हते. विकली गेली ती चूर्णे, गुटिका, अवलेह, भस्मे आणि मुख्यत्वेकरून आसवे व अरिष्टे. काढा करण्यास ज्या घरात वेळ उरला नाही, तेथे बाटली आली.

आसव आणि अरिष्ट यांतला भेद शार्ङ्गधराने स्वच्छ सांगितला आहे: न उकळता केले ते आसव, काढ्यापासून केले ते अरिष्ट. दोहोंत गूळ किंवा साखर आणि बहुधा धायटीची फुले घालून भांडे बंद करून ठेवतात, व आतल्या आत मद्यांश निर्माण होतो. वरून मद्य घातलेले नसते. हा भेद वैद्यास कळतो. दारूबंदीच्या कायद्यास तो कळावा कसा? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूची व्याख्या इतकी विस्तृत केली की, मद्यांश असलेला प्रत्येक द्रव तीत आला. बलसारा नावाच्या नागरिकाने त्यास आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: मद्यपानास बंदी घालण्याचा राज्यास अधिकार आहे, परंतु मद्यांशयुक्त औषधे आणि प्रसाधने बाळगण्यास, विकण्यास व वापरण्यास केलेली मनाई अवाजवी, म्हणून तेवढ्यापुरती रद्द. मालमत्तेच्या ज्या मूलभूत हक्काच्या आधारे हे झाले, तो हक्क पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढून टाकला. निर्णयाची कीर्ती मात्र राहिली.

त्यानंतर १९५५ साली औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील अबकारी कराचा केंद्रीय कायदा आला. त्यात आसव-अरिष्टांपुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा केला होता: हे साधारण मादक पेय म्हणून पिता येण्याजोगे आहे काय? नसेल आणि मद्यांश स्वतः निर्माण झालेला असेल तर कर नाही. ज्या अरिष्टाचा एक घोट घेताना मुले घर डोक्यावर घेतात, त्याविषयी हा प्रश्न विचारावा लागला! तरी तो निरर्थक नव्हता. काही ठिकाणी औषधाच्या नावाखाली दारू विकली जात होतीच. १९८१ साली केरळातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा सिद्धौषधींवर नियंत्रण ठेवण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला, आणि आमच्या मते ते योग्यच झाले. १९५५ चा तो कायदा २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर संपुष्टात आला.

याहून अधिक उद्बोधक तंटा नागपुरास उभा राहिला, आणि तो लाल दंतमंजनाचा होता. निर्मात्याचे म्हणणे असे की हे आयुर्वेदीय औषध. अबकारी खात्याचे म्हणणे, ही रोजची दात घासण्याची पूड. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने कौल दिला: लोक ज्या वस्तूकडे औषध म्हणून पाहत नाहीत ती करापुरती औषध नव्हे. कराच्या तक्त्यात पुढे बदल झाले, वाद पुन्हा वर गेला आणि २००९ साली पुन्हा तोच निकाल लागला. उलट २००६ साली नागपूरच्याच दुसऱ्या एका निर्मात्याची लेप, तेले इत्यादी उत्पादने औषधे ठरली, कारण ती विशिष्ट विकारांसाठी घेतली जात होती. येथे एक गोष्ट आम्हांस खटकते. १९६४ च्या दुरुस्तीने औषधविषयक मूळ १९४० च्या कायद्यात आयुर्वेदाचा समावेश झाला, तेव्हा औषध कोणते, तर अनुसूचीतल्या प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या पाठाप्रमाणे केलेले, अशी व्याख्या झाली. त्या ग्रंथांत शार्ङ्गधरसंहिता आहे. म्हणजे एका कायद्यात शार्ङ्गधराची साक्ष चालते आणि दुसऱ्यात दुकानातल्या गिऱ्हाइकाची. दोघेही साक्षीदार सच्चे असू शकतात. पण गिऱ्हाईक वस्तूचा रोजचा उपयोग सांगते, ग्रंथ तिची घडण सांगतो. रूप ओळखायचे तर घडण पाहावी लागते, असे आमचे मत आहे. न्यायालयाचे ते नाही.

त्या १९६४ च्या दुरुस्तीत एक सूट आहे आणि ती फार थोड्यांस ठाऊक असते. आपल्याच रोग्यांसाठी आपल्या हाताने औषध करणाऱ्या वैद्यास कारखान्याप्रमाणे परवाना लागत नाही. स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट ही पाच जुनी रूपे आज या सवलतीच्या आडोशास आहेत, आणि ती करणारे वैद्य दरसाल कमी होत आहेत.

खातेगांवच्या दुकानदाराने अरिष्टाची बाटली कागदात गुंडाळून दिली. लेबलावर स्वयंनिर्मित मद्यांशाचे प्रमाण छापले होते आणि मुदत दहा वर्षांची होती. जुने होईल तितके चांगले, असे म्हणणाऱ्या शार्ङ्गधराला ही मुदत थोडीच वाटली असती. बाटली पिशवीत टाकून आम्ही नेमावरची गाडी पकडली.