पिवळ्या रेषेचे कुळ

विजयदुर्गाच्या किल्ल्यावर जे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितात, त्यांविषयी आमच्या सिंधुदुर्गात अशी दृढ समजूत आहे की, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने तेथूनच हेलियम शोधून काढला. दफ्तर मात्र निराळी साक्ष देते. त्या दिवशी ग्रहणाच्या निरीक्षकांपैकी हर्शेल जमखिंडीस, हेग विजापुरास आणि जान्सेन गुंटुरास होता; लॉकियर विलायतेत होता, आणि सूर्यज्वालांच्या वर्णपटातील हेलियमची ती प्रसिद्ध पिवळी रेषा त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहणावाचूनच पाहिली. विजयदुर्गास तो आला खरा, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी हाताशी घेऊन. १८६८ लाही किल्ल्यावर कोणी निरीक्षक असतील, असे प्रतिपक्षी म्हणू शकेल. परंतु श्रेय लॉकियरला द्यावयाचे तर त्याला एकाच दिवशी दोन खंडांत उभे करता येत नाही. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र केली आणि कट्टे १८९८ चेच आहेत, असे माझे मत आहे.

त्यामुळे विजयदुर्गाचा मान यत्किंचितही उणा होत नाही, कारण त्या रेषेचे कुळ थेट तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रापर्यंत पोहोचते. १८९५ मध्ये रॅम्सेला हेलियम पृथ्वीवर सापडला तो युरेनियमयुक्त क्लेव्हाइट खनिजात. अल्फाकण म्हणजे हेलियमचेच केंद्रक हे रदरफर्ड व रॉइड्स यांनी सिद्ध केले. आणि १९१९ मध्ये त्याच कणांच्या आघाताने नायट्रोजनचे केंद्रक फुटून हायड्रोजनचे केंद्रक बाहेर पडल्याचे रदरफर्डने जाहीर केले. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने किरणोत्सारी करून मूलद्रव्ये ओळखण्याच्या विद्येचा आरंभ हेवेशी व लेव्ही यांच्या १९३६ च्या प्रयोगापासून धरतात; तो कौशल्याचा आरंभ असेल, परंतु केंद्रकावर कण आदळून नवे केंद्रक घडविण्याची मूळ क्रिया हेलियमचीच देणगी आहे.

या विद्येचे बळ पोखरणच्या खडकात दिसते. ११ मे १९९८ च्या औष्णिक-आण्विक स्फोटानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनज्ञांनी भूगर्भातून काढलेल्या नमुन्यांत सोडियम-२२ आणि मँगनीज-५४ मोजले. साध्या सोडियम-२३ मधून दोन न्यूट्रॉन बाहेर पडून सोडियम-२२ व्हावयाचा, तर आदळणाऱ्या न्यूट्रॉनजवळ सुमारे १३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असावी लागते. विखंडनाच्या न्यूट्रॉनांत एवढी क्वचित् आढळते, पण ड्यूटेरियम-ट्रिटियम संमीलनातील न्यूट्रॉन १४ दशलक्षांचा असतो. म्हणून सुमारे अडीच वर्षे अर्धायुष्याचा हा सोडियम संमीलनाची साक्ष देतो. ती साक्ष आकड्यांत वाचावयाची तर प्रत्येक ऊर्जेला केंद्रक न्यूट्रॉनपुढे किती क्षेत्रफळाचे लक्ष्य मांडते, म्हणजे त्याचा ‘क्रॉस सेक्शन’ किती, हे ठाऊक हवे. काही ऊर्जांना तो प्रयोगशाळेत मोजता येतो. पण जेथे लक्ष्यकेंद्रक स्वतःच अल्पायुषी असते, तेथे बोरच्या १९३६ च्या संयुक्त-केंद्रक कल्पनेवर आधारलेल्या हाउसर-फेशबाख यांच्या १९५२ च्या गणिताचाच आधार घ्यावा लागतो. अशा मोजमापांवरून भाभा केंद्राने १९९९ मध्ये त्या औष्णिक-आण्विक स्फोटाची शक्ती ५० किलोटन, दहाच्या कमी-अधिक फरकाने, अशी प्रसिद्ध केली. २००९ मध्ये त्या चाचण्यांत सहभागी असलेले शास्त्रज्ञ के. संथानम यांनी तिला जाहीर हरकत घेतली.

कोणाचा पक्ष खरा, याचा निवाडा खडक आणि क्रॉस सेक्शन यांच्याच साक्षीने व्हावा. तोच न्याय आपल्या किल्ल्यालाही लागू आहे. म्हणून कट्ट्यांची कथा सांगताना वाचकांनी १८९८ हे साल निःसंकोच सांगावे.